त्रेचाळीस सामाईक ठिपके

गणिताच्या बाईंच्या नाकाची माफी मागायची, तीसुद्धा शनिवारी बरोबर अकरा वाजता, सगळ्यांसमोर, असं पार्लर चालवणाऱ्या सूनबाईंनी सांगितलं तेव्हा नाकमावशी वाफेच्या यंत्रात पाणी भरत होती. तिनं हातातला जग असा आपटला, की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याच्या बोटांतून सुई निसटली आणि ती म्हणे अजून सापडलेली नाही.

"नाकाची माफी?" मावशी म्हणाली.

"गिऱ्हाइकाची माफी, मावशी. शब्द फिरवू नका."

"मी काय त्यांचं नाक कापून ठेवून घेतलं?"

"तुम्ही काम करायला नकार दिलात. मशीननं शेहेचाळीस ब्लॅकहेड मोजले. छापील कागद हातात. त्यांना माझं घासणं सोसेना, म्हणून मी विश्वासानं तुमच्याकडे पाठवलं, की हातानं काढा. आणि तुम्ही कागदाकडे न बघताच म्हणालात, तीन आहेत, तीन काढते, बाकी नाकाला बोट लावणार नाही."

"तीनच होते. दोन डाव्या नाकपुडीच्या घडीत आणि एक शेंड्याच्या जरा खाली."

"शेहेचाळीस आणि तीन यांत फरक आहे की नाही? बाई गणित शिकवतात, मावशी! तीनसुद्धा न काढता उठून गेल्या. जाताना मला सरळ विचारलं, तुमच्याकडे खोटं कोण बोलतं, मशीन की म्हातारी?"

'म्हातारी' हा शब्द खरंच गणिताच्या बाईंचा होता की सूनबाईंनी पदरचा घातला, हे कळायला मार्ग नव्हता. पण तो जिथे लागायचा तिथे लागला.

"तेव्हा शनिवारी," सूनबाई पुढे म्हणाल्या, "तुम्ही त्यांचा कागद हातात घ्यायचा, मोठ्यानं वाचायचा, चूक झाली म्हणायचं आणि शेहेचाळीसच्या शेहेचाळीस काढायचे. जमत नसेल तर रविवारी ही खुर्ची निघेल. खिडकीजवळ मला मशीनचं टेबल लावायचंच आहे."

खुर्ची निघेल म्हणजे मावशी निघेल, एवढं सांगायची गरज नव्हती.

ती खुर्ची साधी नव्हती. सत्तावीस वर्षांपूर्वी मोठ्या बाईंनी, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाईंनी, हे पार्लर काढलं, तेव्हा दुकान बंद करणाऱ्या एका दाताच्या डॉक्टरकडून ती आणली होती. पायानं दाबलं की कण्हत वर जाई, सोडलं की सुस्कारा टाकत खाली येई. मोठ्या बाईंनी ती मुद्दाम उत्तरेच्या खिडकीशी मांडली. केस कुठल्याही उजेडात कापता येतात, त्या म्हणत, पण नाक बघायला दिवसभर न हलणारा उजेड लागतो. मोठ्या बाई गेल्या, पार्लर सूनबाईंकडे आलं, आरसे बदलले, पडदे बदलले, खुर्ची मात्र तिथेच राहिली आणि खुर्चीमागे मावशी.

आणि मावशी म्हणजे काय चीज होती! तिला माणसांची नावं लक्षात राहत नसत, चेहरे जेमतेम. पण भिंगाच्या दिव्याखाली एकदा बघितलेलं नाक ती जन्मात विसरत नसे. एकदा एक बाई वीस वर्षांनी परदेशातून आली. केसांचा रंग वेगळा, नाव वेगळं, नवरासुद्धा वेगळा. शेजारणींनी ओळखलं नाही, सख्ख्या आत्यानं ओळखलं नाही. खुर्चीत टेकली मात्र, मावशीनं दिवा ओढला आणि विचारलं, "काय गं, उजवीकडचं ते हट्टी अजून तिथंच मुक्काम करून आहे?" बाई रडायला लागली.

भिंतीवरच्या बंद घड्याळाची गोष्ट तर पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागे. एका पहिलवानाच्या नाकावर अकरा वर्षांचा एक ब्लॅकहेड होता. मावशीनं तीन दिवस वाफ देऊन तो नरम केला आणि चौथ्या दिवशी सळईच्या टोकाचं बारीक वेढं त्याच्याभोवती धरून हलकेच दाबलं. तो सुटला तो बंदुकीच्या गोळीसारखा, थेट घड्याळात घुसला, आणि घड्याळ चार वाजून दहा मिनिटांनी जे थांबलं ते थांबलंच. घड्याळजीनं उघडून बघायची तयारी दाखवली, पण मोठ्या बाई म्हणाल्या, राहू दे, आठवण आहे.

आता असली मावशी माफी मागणार होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि आठवडाभर ती खाली उतरायचं नाव घेईना.

"मी सांगते तुला," ती केस कापणाऱ्या पोरीला म्हणाली. या पोरीला सगळे केसवालीच म्हणत. "नाकावर बारीक करडे ठिपके असतात ना, ते प्रत्येकाच्या असतात. ते तेल आहे, आपलं स्वतःचं. छिद्रातून वर येतं आणि कातडी ओली ठेवतं. पिळून काढलंस तर महिन्याभरात परत भरतं. भरायलाच पाहिजे! त्याला ब्लॅकहेड म्हणायचं म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला गळती म्हणायचं."

"मग खरा ब्लॅकहेड कुठला?" केसवालीनं विचारलं. तिला उत्तर पाठ होतं, पण मावशीची वाफ निघून जावी म्हणून ती विचारत असे.

"तेल आणि मेलेली कातडी यांचा बोळा छिद्रात घट्ट बसतो, तो. तोंड उघडं राहतं, वरच्या टोकाला हवा लागते आणि ते काळं पडतं. हवेनं, कळलं? मळानं नाही. लोकांना वाटतं, घाण आहे, घासा! अगं, वरून कितीही घासा, आतलं निघत नाही. वरची कातडी तेवढी सोलली जाते. आणि त्या चिकटपट्ट्या! नुसतं डोकं उडवतात, बोळा खाली बसून हसत असतो."

"आणि वाफेनं छिद्रं उघडतात, गार पाण्यानं मिटतात," केसवाली गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

"मिटतात! छिद्राला काय बिजागरी आहे? वाफेनं बोळा नरम होतो, एवढंच. तू मला मुद्दाम छळतेस ना?"

"मुद्दामच. तुम्ही सकाळपासून तोच टॉवेल सतरा वेळा घडी केलात."

मावशीनं टॉवेल फेकला. "सत्तावीस वर्षं, पोरी! सत्तावीस वर्षांत मी एका नाकावर कधी डाग ठेवला नाही. आणि ते पेटीत बसलेलं यंत्र मला मोजणी शिकवणार?"

यंत्राची हकिगत अशी, की दोन महिन्यांपूर्वी एक टायवाला आला होता. टाय असा घट्ट, की तोंडातून शब्द आपोआप बाहेर ढकलले जात. त्यानं पेटीतून एक कॅमेरा काढला, मुठीत मावेल एवढा. पुढे काचेचं टोपण. ते नाकाला टेकवायचं, की पडद्यावर नाक कलिंगडाएवढं दिसणार, यंत्र काळे ठिपके मोजणार आणि नाकाच्या चित्रासकट कागद छापून देणार. सोबत त्याच्या कंपनीचा कोळशाचा लेप, दाणेदार, काळाकुट्ट. त्यानं सूनबाईंच्या गालावर तो बोटांनी चोळून दाखवला, त्याच बोटांनी काचेचं टोपण फिरवून उघडून आतले दिवे दाखवले, परत बसवलं आणि कॅमेरा सूनबाईंच्या नाकाला टेकवला. मावशी तेव्हा कोपऱ्यात टॉवेल रचत होती. बोटं तरी पुसायची होतीस मेल्या, असं तिच्या मनात आलं आणि तिनं मान फिरवली.

यंत्रानं सूनबाईंच्या नाकावर त्रेचाळीस ब्लॅकहेड मोजले.

सूनबाई पांढऱ्या पडल्या. स्वतः पार्लर चालवणारी बाई, आणि नाकावर त्रेचाळीस! "अगं, आरशात बघ की," मावशी तेव्हा म्हणाली होती. "एकही नाही तुझ्या नाकावर." तर टायवाला गोड हसून म्हणाला, "आज्जी, डोळ्यांना दिसत नाही म्हणून तर मशीन." सूनबाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प राहिल्या हेच मावशीला झोंबलं. त्या क्षणी तिनं दोन गोष्टी ठरवल्या. एक, या पोरीला आजपासून 'तू' म्हणायचं नाही, 'तुम्ही' म्हणायचं. मावशी माणसावर खरी रागावली की 'तुम्ही'वर जाई. आणि दोन, त्या यंत्राच्या कागदाकडे ढुंकून बघायचं नाही.

तिनं दोन्ही पाळलं. सूनबाईंनी स्वतःचा पहिला कागद चौकटीत घालून आतल्या खोलीच्या दाराशी लावला, खाली लिहिलं, 'मीही सुरुवात इथूनच केली.' मावशी दिवसातून वीस वेळा त्या दारातून गेली आणि वीसही वेळा छताकडे बघत गेली. दोनदा उंबऱ्याला ठेचकाळली, पण बघितलं नाही. चाळीस बायका आणि दोन पुरुष आतल्या खोलीत जाऊन नाकं मोजून आले, सहा-सहा वेळा लेपानं घासून घेऊन लाल नाकांनी बाहेर पडले. ठिपके काही कमी होईनात. सूनबाई म्हणत, जुने आहेत, हट्टी आहेत, अजून सहा वेळा घासू. आणि मावशी खिडकीशी बसून दात-ओठ खाई.

शनिवार उजाडला. अकराला एक मिनिट कमी असताना गणिताच्या बाई जिना चढून आल्या. उंच, किडकिडीत, पर्सला बाहेरून पेन अडकवलेलं. सूनबाईंनी पार्लरमधल्या सगळ्यांना जवळ बोलावलं. सगळ्या म्हणजे केसवाली आणि डोक्याला रंग लावून बसलेली एक आजी. पण अपमानाला तेवढी माणसं पुरतात.

"मावशींना तुम्हाला काही सांगायचंय," सूनबाई म्हणाल्या.

"मला माफी नकोय," गणिताच्या बाई म्हणाल्या. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मला उत्तर पाहिजे. एक जण म्हणतं शेहेचाळीस, एक जण म्हणतं तीन. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत."

"दोन्ही चूक असू शकतात," रंगवाली आजी उगाचच म्हणाली.

"शक्य आहे," बाई म्हणाल्या आणि पर्समधून घडी केलेला कागद काढून त्यांनी मावशीपुढे धरला.

मावशी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. त्या पाठीचं कातडं तिच्या हातांनी दोन ठिकाणी झिजलं होतं. तिनं खिडकीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि दोन महिन्यांचा नेम मोडून कागद हातात घेतला. चष्मा लावला.

"ग्राहकाचं नाक," तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आवाजात अशी धार होती, की केसवालीनं नकळत हातातली कात्री मिटली. "ब्लॅकहेड, एकूण शेहेचाळीस. तातडीनं..."

आणि ती थांबली.

"वाचा ना," सूनबाई म्हणाल्या.

मावशी वाचेना. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "हे नाक यांचं आहे," ती सावकाश म्हणाली. "ही घडी यांची, हा शेंड्याचा खळगा यांचा. पण यावरचे ठिपके यांचे नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्याच कुणाचे आहेत! मी बघितलंय ना हे नाक, दहा मिनिटं, दिव्याखाली. छिद्रं अशी कधी बसत नाहीत. हे बघा, इथे चार, खाटेच्या खुरांसारखे. आणि त्यांच्यामागे तीन, शेपटीसारखे वाकडे. सप्तर्षी आहेत हे सप्तर्षी! नाकावर सप्तर्षी उगवलेला माणूस मी अजून बघितलेला नाही."

एवढं बोलून ती तरातरा दाराशी गेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्या चौकटीकडे मान वर करून बघितलं. बघितलं आणि असा आवाज काढला, की रंगवाल्या आजीच्या कानावरचा रंग ओघळला.

"या! या इकडे सगळ्या! चार खूर आणि तीन शेपटी! इथेही तेच!"

"काहीतरीच काय," सूनबाई म्हणाल्या.

केसवालीनं कात्रीच्या टोकानं चौकटीची मागची पट्टी उचकटली आणि सूनबाईंचा कागद बाहेर ओढला. गणिताच्या बाईंनी तो घेतला, स्वतःचा घेतला, दोन्ही एकावर एक ठेवले आणि खिडकीशी जाऊन काचेला लावले. उत्तरेचा उजेड दोन्ही कागदांतून आरपार आला. बाईंनी पर्सचं पेन काढलं आणि एकेका ठिपक्याला टोक लावत मोजत गेल्या. पार्लरमध्ये फक्त पेनाची टिकटिक ऐकू येत होती.

"त्रेचाळीस सामाईक," त्या शेवटी म्हणाल्या. "तीन माझे."

"कुठले तीन?" मावशीनं विचारलं.

"दोन डाव्या नाकपुडीच्या घडीत. एक शेंड्याच्या जरा खाली."

मग सूनबाई एकदम उसळून म्हणाल्या, "पण मी रोज काच पुसते! दर गिऱ्हाइकानंतर, स्पिरिटनं! तुम्ही म्हणाल मशीन घाणेरडं ठेवते..."

"बाहेरून पुसता," मावशी म्हणाली. "आणा ते इकडे."

तिनं कॅमेरा भिंगाच्या दिव्याखाली धरला, दोन बोटांनी टोपण फिरवलं आणि उलटं केलं. काचेच्या आतल्या बाजूला वाळलेल्या मलमाची पातळ साय असावी तसा थर होता, आणि त्या थरात काळे दाणे रुतून बसले होते. चार खाटेच्या खुरांसारखे. तीन शेपटीसारखे. बाकीचे इकडेतिकडे.

मावशीनं त्यांचा वास घेतला. "कोळसा," ती म्हणाली. "त्या टायवाल्याचा लेप. त्याच बरबटलेल्या बोटांनी त्यानं हे उघडलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. चाळीस बायकांना आणि दोन पुरुषांना यानं स्वतःच्याच लेपाचे दाणे दाखवले आणि तोच लेप त्यांच्या नाकांवर घासायला लावला!"

तिनं सळई घेतली, स्पिरिटमध्ये बुडवली, वेढं एकेका दाण्याभोवती धरलं आणि हलक्या हातानं, जणू जिवंत नाकच आहे, एकेक दाणा पांढऱ्या कागदी रुमालावर उतरवला. गणिताच्या बाई मोजत होत्या. बरोबर त्रेचाळीस भरले. मग काच आतून पुसली, टोपण बसवलं, कॅमेरा बाईंच्या नाकाला टेकवला. पडद्यावर आकडा आला, तीन.

"उत्तर मिळालं," बाई म्हणाल्या. त्यांनी सूनबाईंकडे बघितलं. काहीतरी कडक बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण बोलल्या नाहीत. कारण सूनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्याचा नुसता चुना झाला होता.

"माझं बघा," सूनबाई अगदी हळू म्हणाल्या.

"तुमचं काय बघायचंय?"

"मावशी, माझं नाक बघा ना."

सूनबाईंनी ओल्या कापसानं नाकावरचा मेकअप पुसला. तीन थर निघाले. खालून जे नाक निघालं ते बघून केसवालीनं तोंडावर हात घेतला. लालभडक, सोललेलं, बाजूंना खपल्या धरलेल्या. मावशीनं कॅमेरा टेकवला, अगदी अलगद.

शून्य.

"दर सोमवारी मोजत होते मी," सूनबाई म्हणाल्या. "दर सोमवारी त्रेचाळीस. एकानंही कमी होईना. मला वाटलं, मी नीट घासत नाही. म्हणून मग सकाळी आणि संध्याकाळी. गेल्या आठवड्यापासून दुपारीसुद्धा."

इथे मावशीचा बांध फुटला.

"अगं कार्टे!" ती ओरडली. "दोन महिने स्वतःचं नाक किसणीवर धरलंस? माझ्यासमोर, या खिडकीपासून दहा पावलांवर? मला एका शब्दानं विचारता आलं नाही तुला?"

"तुम्ही बोलत होता कुठं माझ्याशी? तुम्ही 'तुम्ही' म्हणायला लागलात."

खिडकीच्या काचेला लावलेले दोन्ही कागद अजून तिथेच होते. गणिताच्या बाई एका हातानं ते दाबून धरायचं विसरल्या नव्हत्या. मावशीनं त्या कागदांकडे बघितलं, मग चौकटीच्या रिकाम्या जागेकडे, जिथून ती दोन महिने छताकडे बघत गेली होती.

"पहिल्या दिवशी मी हा कागद बघितला असता," ती म्हणाली, "तर एका मिनिटात ओळखलं असतं. माझ्या ताठ्यापायी नाही बघितलं. आज अकरा वाजता एका नाकाची माफी मागायचं ठरलं होतं ना? मग मागते. तुझ्या नाकाची. चुकलं माझं."

सूनबाई रडायला लागल्या.

"रडू नकोस, खारं पाणी झोंबेल," मावशी खेकसली. "बस इथं. खुर्चीत बस!"

सूनबाई दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्या. या पार्लरमध्ये येऊन दहा वर्षं झाली, पण त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत होत्या. खुर्ची कण्हत वर गेली. मावशीनं दिवा ओढला, बघितलं, आणि हात मागे घेतले.

"काहीही करायचं नाही. हाच उपचार. सौम्य साबणानं दोनदा धुवायचं, साधं बिनवासाचं मलम लावायचं, उन्हात जाताना सनस्क्रीन. खपल्यांना नख लावलंस तर हात बांधून ठेवीन. दोन आठवड्यांत उतरलं नाही तर कातडीच्या डॉक्टरकडे, मी स्वतः नेते."

"आणि माझे तीन?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"तुमचे आज वाफ देऊन काढते. पुन्हा भरू नयेत म्हणून सॅलिसिलिक ॲसिडचा दोन टक्क्यांचा फेसवॉश घ्या. ते तेलात मिसळतं, म्हणून छिद्रात उतरून बोळा सैल करतं. आधी एक दिवसाआड. आग झाली तर थांबायचं. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, आठव्या दिवशी येऊन माझ्याशी भांडायचं नाही. तरी राहिले तर डॉक्टर रात्री लावायचं मलम देतात, ते त्यांनाच विचारून. आणि करडं तेल आहे ते असू द्यायचं, ते तुमचंच आहे."

"शेहेचाळीस वजा त्रेचाळीस," बाई पुटपुटल्या. "मला पहिल्याच दिवशी वजाबाकी सुचायला हवी होती."

सूनबाई खुर्चीतून म्हणाल्या, "मावशी, खुर्ची कुठे जाणार नाही."

"ते मला कळतंय. बेचाळीस नाकांचं काय?"

"त्यांचं काय?"

"सगळ्यांना बोलवायचं. एकेकाला सांगायचं, की तुमच्या नाकावर काही नव्हतं, आमच्या काचेत होतं."

"मावशी! लोक काय म्हणतील? पार्लर बंद पडेल!"

"पडू दे. मोठ्या बाईंनी काही नसलेल्या नाकावर कधी बोट ठेवलं नाही. तू नाही सांगितलंस तर ही खुर्ची मी खाली फूटपाथवर मांडीन, शिंप्याच्या दारात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगीन. मग बघ लोक काय म्हणतात ते."

शिंपी म्हणे खालून ओरडला, "मांडा, मांडा, जागा आहे!" जिन्यातून आवाज वर बरा येतो.

सूनबाईंनी फोन लावले. पहिला लावायला पाऊण तास लागला, दुसरा दहा मिनिटांत गेला. सोमवारपासून माणसं आपापले कागद घेऊन यायला लागली. खिडकीच्या काचेवर कागदावर कागद चढले, आणि बुधवारपर्यंत थर इतका जाड झाला, की त्यातून सूर्य आला नसता, पण त्रेचाळीस ठिपके मात्र आरपार आले म्हणतात. काही जणी ओरडून गेल्या, दोघी परत आल्याच नाहीत. बाकीच्या खुर्चीपुढे रांगेत बसल्या. सूनबाई प्रत्येकीला स्वतःचं उघडं नाक दाखवत. त्यानंतर फार भांडता येत नसे.

गुरुवारी टायवाला आला. लेपाचे आणखी डबे घेऊन, हसत.

"काय मॅडम, कसं चाललंय?"

"छान," सूनबाई म्हणाल्या. "आधी तुमचं बघू या. बसा ना."

"माझं कशाला? मी तर रोज लेप लावतो."

"बसा!" मावशी म्हणाली, आणि तो बसला. तिचा तो आवाज ऐकून न बसलेला माणूस अजून जन्मायचा होता. खुर्ची कण्हत वर गेली. सूनबाईंनी स्वच्छ काचेचा कॅमेरा त्याच्या नाकाला टेकवला.

"एकसष्ट," सूनबाईंनी वाचलं.

"मशीन बिघडलंय तुमचं!" टायवाला उठायला लागला.

"मशीन दुरुस्त झालंय," मावशी म्हणाली आणि त्याला टायला धरून परत टेकवला. "एकसष्टही तुमचेच आहेत, एकही सामाईक नाही. फुकट नाही काढणार. डबे उचलायचे, दिलेली रक्कम परत करायची, आणि लेखी द्यायचं, की बोटं न धुता काच उघडली."

त्यानं लिहून दिलं. मग मावशीनं त्याला पंधरा मिनिटं वाफ दिली, कारण राग असला तरी ती कोरड्या नाकाला सळई लावत नसे, आणि कामाला लागली. साठ बोळे शहाण्यासारखे रुमालावर उतरले. एकसष्टावा शेंड्याजवळ होता, जुना, खोल. मावशीनं वेढं धरलं, हलकेच दाबलं.

तो सुटला तो खोलीभर सणसणत गेला, आरशावर आपटला, तिथून उलटला आणि भिंतीवरच्या घड्याळात घुसला.

सगळ्यांनी वर बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. मग काटा थरथरला आणि चार वाजून अकरा मिनिटं झाली.

"आता तरी वेळेवर जेवायला मिळेल," केसवाली म्हणाली.

मावशीनं तिकडे बघितलंही नाही. ती टायवाल्याच्या नाकावर गार पाण्याची घडी ठेवत होती आणि दातओठ खात त्याला सांगत होती, की घरी जाऊन नाक अजिबात घासायचं नाही.